मानसोपचार – एक

२३ जानेवारी, गुरुवार

पोरीला नोकरी लागली. पुण्यातच, पक्की. फोनवर रडत होती – आनंदानं. मागं मैत्रिणींचा नुसता गोंधळ. मी म्हटलं, "बरं झालं."

मंग ती म्हणाली, "मम्मी, तुला आनंद नाही झाला?"

झाला की, म्हटलं. खोटं. शोधला मी – खरंच शोधला, फोन कानाला धरून. काहीच सापडलं नाही. सापडलं नाही याचं वाईटही वाटलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते. एका डीलरनं दिलेली डायरी आहे, कोरीच पडली होती.

राजानंदनी, पोरीच्या पप्पांनी, पेढे आणले, सगळ्या गल्लीत वाटून आले. नाचायचेच बाकी होते! मी हसले. चेहऱ्याला सवय आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. जिलेबी. छान होती असं सगळे म्हणाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज उगवण मोजताना चुकले. ट्रेमध्ये सोयाबीनचे शंभर दाणे, त्यातले किती उगवले ते मोजायचं – एवढंच काम. बियाण्याच्या या कंपनीत अठरा वर्षं हेच करून राह्यले. आज तीनदा मोजलं, तीनदा आकडा वेगळा. शीतल, माझ्या हाताखालची पोरगी, म्हणाली, "मॅडम, मी मोजू का?" मोज म्हटलं आणि खुर्चीवर बसले. लाज वाटायला पाहिजे होती.

सकाळी उठवत नाही. भाजीत मीठ कमी का जास्त ते कळत नाही. राजानंद म्हणतात, वय झालं की होतं असं बायकांना, रक्त तपासून घे. घेतलं. लॅबवाला म्हणाला – एकदम फर्स्टक्लास रिपोर्ट, ताई!

काल बसमधून येताना वाटलं, ही बस उलटली तरी चालेल. घाबरले नाही मी. तेच जरा विचित्र वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीच्या विम्याची फाइल माझ्याकडं असते. का, तर माझं इंग्रजी बरं. आम्ही एकूण सत्तावीस माणसं – ऑफिस, प्रयोगशाळा, प्लांट, गोडाऊन सगळे धरून. गेल्या जूनमध्ये मालकांनी, गिरिधरशेठनी, सगळ्यांचा मिळून मेडिक्लेम काढला. निखिल म्हणून एजंट आहे, त्यानं सगळ्यांना पॅकिंग हॉलमध्ये बसवून समजावलं होतं. "मानसिक आजार पण यात धरलाय बरं का. ॲडमिट व्हायची गरज नाही, नुसतं डॉक्टरला दाखवलं तरी चालतं."

सगळे हसले होते. मागून कुणीतरी म्हणालं – मंग पहिले शेटजींना दाखवा, सीझनला लई गरम होतेत! शेठ पण हसले. मी पण हसल्याचं आठवतं.

आज संपतच्या डेंग्यूचे कागद पाठवायचे होते, म्हणून पुस्तिका काढली. संपत आमचा प्लांटचा सुपरवायझर. त्याचं पान सापडलं, पण मी पान अकरावरच राह्यले. मानसिक आजाराची ती ओळ चार वेळा वाचली. शीतल आली तशी पुस्तिका मिटली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संभाजीनगरला गेल्ते. घरी सांगितलं, सॅम्पल पोचवायचे आहेत. जालन्यात कुठल्याही दवाखान्यात जा, बाकड्यावर कुणीतरी ओळखीचं बसलेलं असतंच.

डॉक्टर बाई माझ्याहून लहान. म्हणाली, काय होतंय? म्हटलं, काहीच होत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच होत नाही. तेच होतंय."

ती हसली नाही. लिहून घेतलं. कधीपासून – दिवाळीपासून. कदाचित त्याच्याही आधी. घरी काही त्रास? नाही. नवरा शिक्षक आहे, पीत नाही, मारत नाही. पोरगी हुशार. घर स्वतःचं. म्हटलं, मला तर काही दुःखच नाही हो, तुमचा वेळ घेऊन राह्यले.

"मरावंसं वाटतं का?" – इतकं सरळ विचारलं! भाजीचा भाव विचारावा तसं. मी बसचं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बरं झालं आलात." आजाराचं नाव सांगितलं. डिप्रेशन. म्हणाली, याला दरवेळी कारण लागतंच असं नाही.

गोळ्या दिल्या. लागू पडायला वेळ लागेल म्हणाली. येताना बदनापूरला गाडी अर्धा तास उभी होती. खिडकीबाहेर एक बाई पेरू विकत होती. तिच्याकडं बघत बसले. पेरू घ्यावे असं वाटलं नाही, नको असंही वाटलं नाही.

३ मार्च, सोमवार

कागद पाठवले. आजारी मीच आणि कंपनीच्या वतीनं सही करणारीही मीच. एकाच पेनानं दोन्हीकडं सही केली. कुणाला कळायचं काही कारण नाही.

१२ मार्च, बुधवार

मंजूर. मोबाइलवर मेसेज आला. वाचून पुसून टाकला.

२० मार्च, गुरुवार

तोंड कोरडं पडतं. बाकी काही नाही. गोळ्या कपाटात ठेवते, साड्यांच्या खाली. राजानंद त्या कप्प्याला हात लावत नाहीत.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी साडी नेसले. सकाळी बुद्धवंदना, संध्याकाळी मिरवणूक. राजानंद कमिटीत आहेत, त्यांचा आवाज बसलेला. शेजारच्या द्वारकाबाईंनी मला ओढत पुढं नेलं – "चल गं बेबीनंदा, आजच्या दिवशी पण अशी खांबासारखी उभी राहते का!" डीजेच्या आवाजानं छातीत धडधड होत होती. तेवढंच आत गेलं. दरवर्षी या दिवशी मला वडील आठवून डोळ्यांत पाणी येतं. आज वडील आठवले. पाणी नाही आलं.

२१ एप्रिल, सोमवार

निखिल आल्ता. जूनमध्ये पॉलिसी पुन्हा भरायची, म्हणून वर्षाचा गोषवारा घेऊन आला. शेठच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. कागदावर कुणाची नावं नव्हती. नुसता आजार आणि किती जणांना. डेंग्यू – दोन. अपघात – एक. बाळंतपण – एक. मूतखडा – एक. सगळ्यात खाली : मानसोपचार – एक.

शेठनी चष्मा कपाळावर केला. "हे कोण आहे?"

निखिल म्हणाला, "नाव नाही सांगता येत सर. मला पण दिसत नाही. नियमच आहे."

"अरे, पण सत्तावीस माणसं आहेत माझ्याकडं. सत्तावीसशे न्हाई!"

निखिल चहा पिऊन गेला. शेठ माझ्याकडं बघत होते. "मॅडम, फाइल तुमच्याकडं असते. तुम्हाला म्हाईत असंल."

मी म्हटलं, "मोबाइलवरून पण क्लेम थेट टाकता येतो सर. माझ्याकडून असा कागद गेला नाही."

किती सहज निघालं तोंडातून!

"मंग पत्ता लावा. हे बघा, मी कुणाला काढणार न्हाई. बिलकुल न्हाई. माणूस आजारी पडतो. पण प्लांटमध्ये मशीन आहे, बियाण्याला लावायची औषधं आहेत. उद्या काही करून घेतलं तर त्याच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू?"

"बघते सर."

२२ एप्रिल, मंगळवार

मला शोधायचं काम मलाच दिलं आहे. हसू यायला पाहिजे होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

शेठनी संपतला पण विचारलं. संपतला आधीच माहीत असल्यासारखं झालं. "कडूबा आहे तो, शेटजी. दुसरं कोण असणार?"

कडूबा म्हणजे ग्रेडिंग मशीनवरचा. बियाणं चाळून बारीक-मोठं वेगळं करणारं ते मशीन चौदा वर्षांपासून त्याच्याच हातात आहे. पन्नाशीचा असेल. राजूर रोडच्या एका गावावरून मोटरसायकलवर येतो. फार बोलत नाही.

संपत बोटं मोजून सांगत होता – एकटाच जेवतो. मशीनशी बोलतो. मार्चमध्ये दोनदा संभाजीनगरला गेल्ता, काय काम म्हणलं तर सांगितलं न्हाई.

मार्चमध्ये मी पण गेल्ते दुसऱ्यांदा. मला कुणी विचारलं नाही.

शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

मी काही बोलले नाही. त्यांनी ते हो असं धरलं. नाही – मीच धरू दिलं. इथं तरी बराबर लिहावं.

२८ एप्रिल, सोमवार

कडूबाला गेटवर बसवलं. शेठ स्वतः प्लांटमध्ये गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी खिडकीतून बघत होते. ऐकू येत होतं सगळं.

"चौदा वर्षं धूळ खाल्ली कडूबा. आता गेटवर बस, सावलीला. गाड्यांचे नंबर लिही. पगार तोच."

"काय चुकलं शेटजी?"

"काही चुकलं न्हाई. आराम कर थोडा."

"ऐन सीझनमधी आराम?"

शेठनी नुसतं खांद्यावर थोपटलं. कडूबानं मशीन बंद केलं, फडक्यानं वरून खालपर्यंत पुसलं, आणि गेला. दुपारी नव्या माणसानं मशीन लावलं. आवाज वेगळा येत होता.

मी ट्रे मोजले. आज आकडा एकदाही चुकला नाही.

६ मे, मंगळवार

सगळे फार चांगले वागतात त्याच्याशी. हेच बघवत नाही असं लिहिणार होते, पण तसं नाही. बघते मी. चहा आधी गेटवर जातो. शीतल त्याच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं बोलते – "जेवलात ना भाऊ? सगळं संपवलं ना?" जेवायला बसलेले लोक तो आला की विषय बदलतात. पहिले बोलायचे तरी, "ए कडूबा, सरक तिकडं." आता कुणी सरक म्हणत नाही. जागा करून देतात.

आज संपत गेटच्या केबिनमध्ये गेला आणि सुतळी कापायची सुरी तिथून उचलून आणली. अगदी हळूच, पाठीमागं धरून. कडूबानं बघितलं. मंग दिवसभर सुतळीची गाठ दातानं सोडत होता.

९ मे, शुक्रवार

संध्याकाळी निघताना कडूबानं गेट उघडलं, पण बाजूला झाला नाही.

"मॅडम, फाइलीत माझ्याबद्दल काही लिहून आलंय का?"

"नाही भाऊ."

"मंग सगळ्यांला काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही नका लक्ष देऊ."

तो बाजूला झाला. मी रिक्षात बसले.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सुट्टी घेतली. खीर केली. गोळी घेतली.

१७ मे, शनिवार

तुळजाबाई आल्ती. कडूबाची बायको. पहिल्यांदाच पाह्यलं तिला. प्रयोगशाळेच्या दारात उभी, पदर डोक्यावर, हातात पिशवी. शीतलला बाहेर पाठवलं.

बसा म्हटलं तर खाली बसायला लागली. खुर्चीवर बसवलं.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, आमच्या ह्यांला काय झालंय? गावात म्हणतेत, कंपनीनं यडा ठरवला. कंपनीतल्याच कुनीतरी येऊन गावात सांगितलं. भाऊबंद मिळून काल चतुर्थीला राजूरला घेऊन गेल्ते त्यांला. गणपतीसमोर धरून उभं केलं, दोन्हीकडून दोघांनी. हे म्हणत होते, सोडा, मी चालतो न माझ्या पायानं! सोडलं न्हाई कुनी."

मी विचारलं – मला विचारायचं कारण नव्हतं, पण विचारलं – मार्चमध्ये ते संभाजीनगरला कशाला गेल्ते?

ती खाली बघायला लागली. "माझ्यासाठी. अंगावरून जात होतं लई. पिशवीत गाठ निघाली. ते म्हणले, बायामाणसाचं दुखणं, चार गड्यांत काय सांगायचं. म्हणून न्हाई सांगितलं कुनाला."

मंग म्हणाली, "रातच्याला झोपत न्हाईत आता. उठून बसतेत. म्हणतेत, तुळजे, खरंच मला काही झालंय का गं? तू खरं सांग. मॅडम, मी काय सांगू?"

पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. घरच्या झाडाच्या. मी घेतल्या.

मला काही वाटायला पाहिजे. इतकं तर कळतं. कळतं आणि वाटत नाही, या दोन्हीच्या मधी मी उभी आहे.

१८ मे, रविवार

राजानंदना सांगितलं. दुपारी, ते पेपर वाचत असताना. सगळं सांगितलं – डॉक्टर, गोळ्या, कागद, कडूबा. सलग. मधी कुठं आवाज चढला नाही की उतरला नाही. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

त्यांनी पेपरची घडी घातली. मंग पुन्हा एक घडी घातली. म्हणाले, "गोळ्या कुठं ठेवते?"

"साड्यांच्या खाली."

"माझ्यापासून?"

ते उठून आत गेले. नळ चालू केल्याचा आवाज आला. बाहेर आले तर तोंड धुतलेलं, डोळे लाल. माझ्याशेजारी बसले. म्हणाले, मी रक्त तपास म्हणून राह्यलो होतो!

मंग कडूबाचं निघालं. म्हणाले, "हे बघ, शेठला नको सांगू. अठरा वर्षांची नोकरी. एकदा शिक्का बसला की पुसत नाही. आणि कडूबाचं म्हणशील तर पगार तर चालूच आहे न त्याचा? सीझन संपला की विसरतील सगळे."

"त्याला राजूरला धरून उभं केलं."

त्यांनी पेपरची घडी मोडली. चांगला माणूस आहे. माझ्यासाठी घाबरला, इतकंच. मी रागावले नाही. त्यांनी सांगितलेलं मला पटतही होतं. डोक्याला सगळंच पटतं आजकाल.

२० मे, मंगळवार

शेठच्या केबिनपर्यंत गेले. आत डीलर बसलेले. परत आले.

२१ मे, बुधवार

आज आत कुणी नव्हतं. तरी परत आले.

२२ मे, गुरुवार

सांगितलं.

डॉक्टरचा कागद पर्समध्ये घेऊनच गेल्ते. दार लावून घेतलं. म्हटलं, "सर, ते ‘मानसोपचार – एक’. ते माझं आहे. कडूबाचं नाही."

शेठनी माझ्याकडं बघितलं. मंग हसले. अगदी मायेनं. "मॅडम, तुम्ही लई चांगल्या बाई आहात. त्याची बायको आल्ती न तुमच्याकडं? कळलं मला. पण त्याला वाचवायला असं स्वतःवर नका घेऊ."

"खरंच माझं आहे सर."

"तुमचं? अहो, तुमच्याइतकं शांत डोकं या कंपनीत कुणाचं आहे? मी घरी उदाहरण देतो तुमचं!"

मी कागद काढून समोर ठेवला. नाव, तारीख, गोळ्या. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. परत वरून वाचलं. पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचा कोपरा उडत होता, तो त्यांनी बोटानं दाबून धरला.

"तुम्ही तर म्हणल्या होत्या, कागद गेला न्हाई."

"खोटं बोलले."

"महिना होत आला त्या माणसाला गेटवर बसवून."

"हो."

"रोज तिथूनच जाता तुम्ही."

"हो सर."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं त्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं – म्हणजे वाटलं नाही, तसा विचार आला. मंग म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तुम्हाला पण गेटवर बसवलं असतं?"

मी विचार केला. खरं उत्तर द्यायचं ठरवलं होतं आज. म्हटलं, "गेटवर नाही. पण प्रयोगशाळेची चावी काढून घेतली असती."

त्यांनी नाही म्हटलं नाही. कागद माझ्याकडं सरकवला. "त्याला मी सांगतो."

"नाही सर. मी सांगते."

त्याच दिवशी, पुन्हा

पाच वाजता गेटवर गेले. कडूबा वहीत गाडीचा नंबर लिहीत होता. उभ्यानंच सांगितलं. विम्याच्या कागदावर मानसोपचारात एक जण आला, ती मी होते, सगळे तुम्हाला समजले, मी बोलले नाही. एवढंच. चार वाक्यं.

तो ऐकत होता. पेन हातातच.

"म्हंजे तुमाला म्हाईत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो भाऊ."

"मी त्या दिवशी विचारलं तुमाला. इथंच उभं राहून."

"हो."

मागं ट्रकनं हॉर्न दिला. तो म्हणाला, "बाजूला व्हा मॅडम. गाडी येऊन राह्यली." गेट उघडलं. नंबर लिहिला. पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही.

२३ मे, शुक्रवार

शेठनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. म्हणाले, कडूबाच्या बाबतीत आपली चूक झाली, माझी झाली. माझं नाव घेतलं नाही त्यांनी. घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांनी एकदा इकडं तिकडं बघितलं आणि मंग माझ्याकडं. संपत मान खाली घालून उभा.

दुपारचा चहा आधी मला आला.

२७ मे, मंगळवार

शीतल माझे ट्रे माझ्यामागं पुन्हा मोजते. मी बाहेर गेल्यावर. आज परत आत आले तर दचकली. म्हटलं, मोज, चांगलंच आहे. तिचे डोळे भरले. माझ्यासाठी सगळ्यांचे डोळे भरून राह्यले.

कडूबाला मशीन परत दिलं. तो आला, मशीनसमोर उभा राह्यला, आणि चालू न करताच गेटवर जाऊन बसला. शेठनी दोनदा बोलावलं. "राहू द्या शेटजी, इथंच बरंय."

राजानंदनी गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. उघड्यावर.

२ जून, सोमवार

पॉलिसी पुन्हा भरली. मानसोपचाराचं कलम ठेवायचं का, निखिलनं विचारलं. शेठ म्हणाले, "ठेव." माझ्याकडं न बघता. गोषवारा इथून पुढं माझ्याकडं नको, त्यांच्याकडं पण नको, निखिलनं स्वतःकडंच ठेवावा, असं ठरलं. कुणी कुणाचा पत्ता लावायचा नाही. एवढं साधं होतं.

७ जून, शनिवार

कडूबा प्रयोगशाळेत आला. दारात चप्पल काढली. सोळा दिवसांनी बोलला माझ्याशी.

"ते डॉक्टर कोणत्या वारी बसतेत?"

कुणासाठी, हे मी विचारलं नाही. तोच म्हणाला – झोप लागत न्हाई, घास खाली उतरत न्हाई, मशीनजवळ गेलं की हातपाय गळतेत. म्हणाला, "पहिले काहीच नव्हतं मॅडम. आई शपथ काहीच नव्हतं."

विम्याचा फॉर्म काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढं रकाना – त्रास कधीपासून. त्यानं छताकडं बघून आठवलं. "लिहा, गेटवर बसवलं तवापासून. अठ्ठावीस एप्रिल."

तारीख लिहिली आणि मला रडू आलं. त्याच्यासमोर, टेबलावर डोकं टेकून. थांबेचना. पोटातून येत होतं, दुखत होतं.

तो घाबरला. म्हणाला, "त्या गोळ्यांनी असं होतंय का मॅडम?"

नाही भाऊ, म्हटलं. हे गोळ्यांनी नाही.